कानसेनचा होकार

मशीनवरच्या आवाज मोजणाऱ्या काट्यांनी उसळी मारली आणि कानसेनने कान टवकारले. अल्बम सुरू झाला होता, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

इतकं ठार बहिरेपण आजवर आलं नव्हतं. बारीक, टोकदार आवाज केव्हाच गेले होते. माणसांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा. पण जाड आवाज अजून उरले होते. आज सकाळीच, पाहुणा येणार म्हणून बायकोने व्हॅक्यूमच्या मशीनने खोलीतली धूळ ओढून घेतली, तेव्हा त्या यंत्राची घरघर त्याला ऐकू आली होती आणि तो उगाचच खूश झाला होता. आत्ता तर ड्रम होते, बेस गिटार होती. आणि कानात नुसता कापूस.

गेले, तो मनात म्हणाला. उरलेसुरलेही गेले. मुहूर्त बरा शोधला!

अल्बम छापायला जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवायचा, कुठे जड, कुठे कर्कश ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. लोक त्याला कानसेनच म्हणत; खरं नाव बहुधा विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. कानांचं खरं काय ते फक्त बायकोला माहीत होतं. बाहेर कुणकुण लागली असती, तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

समोर गिटारवाला बसला होता. शेंडी पांढरी झाली तरी ती बांधायची हौस गेली नव्हती. पूर्वी फोनवर तासन्‌तास डोकं खाणारा हा माणूस हल्ली सगळं लिहूनच पाठवायचा, आणि कानसेनच्या ते पथ्यावरच पडलं होतं. आज मात्र स्वतः आला होता. आल्या आल्या त्याने खुर्ची उचलून कानसेनच्या अगदी समोर, दाराकडे पाठ करून मांडली आणि टेबलावरचा दिवा त्याच्या तोंडावर वळवला.

"अरे, उलटतपासणी घेतोयस की काय?"

"ऐकताना तुमचा चेहरा बघायचाय, दादा." गिटारवाला हसला, पण अर्धवट. "माझ्या कानांवर माझा भरवसा नाही आता. बँडमध्ये सांगून आलोय, कानसेन हो म्हणाले की उद्या छापायला टाकायचं."

मशीनकडे वळता वळता कानसेनने विचारलं होतं, "ड्रमवाला नाही आला?" परत वळून पाहिलं तर गिटारवाल्याचे ओठ मिटलेले. उत्तर देऊन झालं होतं, की द्यायचंच नव्हतं? पुन्हा विचारायची कानसेनची छाती झाली नाही. ह्याला संशय आलाय. म्हणूनच तो दिवा.

आणि संगीत तरी साधंसुधं असावं? एकेक गाणं म्हणजे अख्खी कादंबरी. समुद्रात बुडणारं शहर, त्यातले घंटेवाले, सगळी कथा गिटारवाल्याने आधी लिहून पाठवलेली. ताल मध्येच सातांचा, तिथून पाचांवर उडी. अशा गाण्याला मान डोलवायची म्हणजे डोळे बांधून जिना उतरायचा. एक पायरी चुकली की खेळ खलास.

त्याला वाचवलं ते गिटारवाल्याच्या पायाने. उजवा बूट जमिनीवर ताल धरत होता. कानसेनने आपली मान त्या बुटाला बांधून टाकली. बूट रेंगाळला की मान रेंगाळे, बूट उधळला की मान उधळे. गिटारवाल्याची नजर मात्र त्याच्या मानेवरून हलत नव्हती. खाटकाने बकऱ्याकडे बघावं तशी, कानसेनला वाटलं.

काटे जरा निजले. गिटारवाल्याचे ओठ हलले. "हा बासरीचा तुकडा फार पुढे आलाय का?"

कानसेनने ठोकून दिलं, "नाही. हात लावू नकोस त्याला."

"मलाही तेच वाटत होतं," गिटारवाला घाईघाईने म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. ह्याला कशाला घाम? कानसेनला कळेना. नापास व्हायची पाळी तर आपली.

शेवटचं गाणं लागलं. शहर बुडायची वेळ आली आणि काटे लाल पट्ट्यात जाऊन आपटू लागले. बूट धावू लागला, मान धावू लागली, आणि कानसेनला आपलीच शिसारी आली. काय काय ओतलं असेल ह्या माणसाने यात! आणि आपण न ऐकता त्यावर शिक्का मारणार. उद्या हजारो घरांत हे वाजेल, आणि वाईट वाजलं तर तोंड लपवायची वेळ ह्याच्यावर येईल. नाही. गाणं संपलं की सांगून टाकायचं. धंदा बुडाला तर बुडाला.

गिटारवाल्याच्या पाठीमागचं दार उघडलं. चहाचा ट्रे घेऊन बायको उभी होती. तिने एकदा दोघांकडे पाहिलं, मग भिंतीशी खाली पाहिलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही तिला आता सवयच होती.

"अहो! काय चाललंय काय तुमचं? स्पीकरचा प्लग मी सकाळी धुळीच्या मशीनसाठी काढला, तो अजून इथेच लोळतोय! मघापासून ऐकताय तरी काय?"

शब्द त्याने ओठांवरून वाचले. पण आवाजही आला. जाड, विहिरीतून आल्यासारखा, पण आला! कान होते. उरले होते तेवढे जागच्या जागी होते.

कानसेनची मान थांबली.

त्यासरशी समोरचा बूटही थांबला. गिटारवाल्याने दचकून वर पाहिलं. दाराकडे नाही, कानसेनकडे. चेहरा पांढराफटक.

"का थांबलात, दादा?" त्याने विचारलं. "एवढा दणक्यात वाजतोय हा भाग... काही चुकलंय का?"