लहान इंजिनाचं गेज

कल्पना करा, तुमच्या तोंडात एकच घोट हवा आहे आणि तेवढ्या हवेत फुगा फुगवायचा आहे. फुगा थेट ओठांना लावलात तर फुगेल. पण मध्ये हातभर नळी जोडलीत तर? हवा नळीतच राहील आणि फुगा ढिला तो ढिलाच.

"कळलं?" माजुरा मिस्त्रीने विचारलं.

"कळलं, आजोबा," न्याफुरू म्हणाली. "फुग्यात खोट नाही. नळी लांब आहे."

"शाब्बास. म्हणून हे मोटारीचं दाब मोजायचं गेज बाजूला ठेव. लहान टू-स्ट्रोक इंजिनाची हवा म्हणजे एक घोट. ही लांब नळीच तो पिऊन टाकते. हिच्यावर साठ आलं, त्याला काही अर्थ नाही."

सरोवराच्या काठावर, आंब्याखाली, लाकडी घोडीवर होडीचं इंजिन टांगलं होतं. होडीच्या मालकाने ते मुसोमा शहरातून जुनंच विकत आणलं होतं. न्याफुरूचे वडील मसातू तेच इंजिन लावून दूरच्या बेटांवर मासेमारीला जाणार होते, सहा महिन्यांसाठी. इंजिनाचा दाब शंभराच्या वर निघाला तर आज दुपारीच निघायचं. नाही निघाला तर इंजिन परत आणि जाणं रद्द.

मागच्या वर्षी रुबेनकाका त्याच बेटांकडे गेला होता. भर पाण्यात त्याचं इंजिन बंद पडलं आणि वारा सुटला. ते इंजिन कुणी तपासलंच नव्हतं. तेव्हापासून दाब मोजल्याशिवाय माजुरा मिस्त्री कुणाला इंजिन होडीवर चढवू देत नसे.

त्याने आखूड गेज उचललं. याला नळी नव्हती, झडप अगदी टोकाशी होती. प्लगच्या भोकात त्याने ते चाचपत बसवलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आटे बोटांना कळत, पण आकडे वाचायचं काम दहा वर्षांच्या न्याफुरूचं.

गॅस पूर्ण उघडून त्याने दोरी ओढली. पाच वेळा, सहा वेळा.

"किती?"

"साठ."

"नीट बघ."

"साठच, आजोबा."

मिस्त्रीने गेज काढलं. झडप सोडवून रॉकेलमध्ये धुतली, फुंकली, परत बसवली. दोरी ओढली.

"साठ."

"हात् तिच्या." त्याने डब्यातून दुसरी झडप शोधली आणि दोन्ही नखाने दाबून पाहिल्या. "हे बघ. दिसायला जुळ्या बहिणी. पण ही टायरची, हिची स्प्रिंग ताठ. मोठ्या इंजिनापुढे वाकेल, लहानाला दाद देणार नाही. ही दुसरी मऊ आहे. गेजला हीच हवी. कुणी मूर्खाने टायरची घातली होती."

"तुम्हीच घातली होती. गेल्या महिन्यात."

"मग तेव्हा मी मूर्ख होतो. धर."

मऊ झडप बसली. दोरी ओढून ओढून मिस्त्रीला धाप लागली.

"पासष्ट."

मग त्याने टोकाची रबरी चकती बदलली. सांध्यावर साबणाचा फेस लावून हवा गळते का ते न्याफुरूला पाहायला सांगितलं. बुडबुडा आला नाही. पुन्हा दोरी.

"साठ."

"दोन वेगळी गेज, नवी झडप, नवं रबर, आणि आकडा तोच? हे गेज आहे की पाठ केलेला पाढा?" त्याने स्क्रूड्रायव्हर वाळूत फेकला. मग तो चाचपू लागला, तेव्हा न्याफुरूने उचलून त्याच्या हातात दिला.

गेज काढून मिस्त्रीने भोकावर अंगठा दाबला आणि दोरी ओढली. अंगठा फट्‌कन उडाला.

"उडतोय की! मेलेलं इंजिन असं उडवत नाही."

"मग साठ का येतं, आजोबा?"

मिस्त्रीने अंगठा पुन्हा भोकावर टेकवला.

एवढ्यात खांद्यावर गाठोडं टाकून मसातू आला. "काय बाबा, इंजिन आहे की रुसलेली सासू? किती मनधरणी? मालक होडीत बसून शिव्या घालतोय."

"घालू दे. बुडणार तो नाही."

मसातू हसला आणि लेकीजवळ उकिडवा बसला. "तुला काय आणू बेटावरून?"

"काही नको."

"सहा महिन्यांनी रिकाम्या हाताने आलो तर रडशील."

"रुबेनकाकाही सहाच महिने म्हणाला होता."

मसातूने गाठोडं खाली ठेवलं.

"शेवटचं ओढतो," म्हणत मिस्त्रीने गेज पुन्हा बसवलं. या वेळी त्याने दहा वेळा दोरी ओढली. कपाळावरचा घाम दाढीत उतरला.

"किती?"

"साठ."

मिस्त्री वाळूवर बसला. आपला अंगठा त्याने डोळ्यांजवळ नेला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता.

"चाळीस वर्षांत हा खोटं बोलला नव्हता. आता हाही म्हातारा झाला. मसातू, मालकाला सांग, इंजिन परत ने. आणि यापुढे दुसरा मिस्त्री बघा म्हणावं."

"असं कसं, बाबा? तुमच्या अंगठ्यावर अख्खा किनारा चालतो." मसातू उठला. "थांबा, मला बघू दे जरा."

गेज न्याफुरूच्या समोर होतं. काटा एकशे वीसवर स्थिर उभा होता; मऊ झडप बसल्यापासून दर वेळी तो तिथेच येत होता. वडील वाकून बघणार, त्याच्या आत तिने गेजचं बटण दाबलं आणि सगळी हवा सोडून दिली.