उसनं पोहणं

तळ्याच्या मधोमध शर्वाणीचे हात अचूक पडत होते, पण छाती फुटायला आली होती. ती चौदा वर्षांची; गेल्याच आठवड्यात दवाखान्यात तिच्या मेंदूत पोहण्याच्या शर्यती जिंकणाऱ्या एका बाईचं पोहणं यंत्राने जसंच्या तसं भरलं होतं. एरवी ती जिनासुद्धा चढत नसे. आता थांबायचं म्हटलं तरी हात थांबेनात. नाकातोंडात पाणी गेलं.

"शर्वाणी, उताणी हो!" काठावरून आई ओरडली आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली.

शर्वाणीने सगळा जोर लावून अंग उलटं केलं. आईने हनुवटीला धरून तिला काठावर ओढत आणलं.

"मला पोहता येतं ना गं?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

"येतं की," तिचे थरथरणारे दंड चोळत आई म्हणाली. तीही धापा टाकत होती. "दम तेवढा आपण दोघी कमवू."