रुपीबाईचा हंडा
दारूबंदीच्या साहेबांची जीप मी चालवायचो तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर फुलसावंगीच्या घाटाला विचारा. तांड्यावर साहेबांनी सगळी दारू मातीत ओतली आणि रुपीबाईचा भट्टीचा हंडा जीपमध्ये टाकला. निघालो, तोच ब्रेकचं पेडल गादीसारखं आत गेलं. चाकापाशी तेल गळून नळीत हवा शिरली होती. गळती थांबवली, पण पुढे घाट आणि ब्रेक तेलाच्या डब्यात थेंब नाही! मी म्हणालो, "तांड्यावरचं एरंडेल आणि पहिल्या धारेची मोहाची दारू मिसळू, ब्रेक लागेल." रुपीबाई म्हणाली, "एक शिसी लपवेल हाये. पयले माहा हंडा उतरवा." साहेब गरजले, "कायदा आहे, बाई!" "मंग कायदाच भरा नळीत." हंडा उतरला, शिसी आली, एरंडेलात मिसळून दारू ब्रेकच्या टाकीत ओतली. साहेबांनी स्वतः पेडल दाबलं, मी खालून बुडबुडे काढले. पेडल दगडासारखं झालं. निघताना रुपीबाई जीपपुढे उभी राहिली. "सायेब, दारू घेऊन कुठी चालले?"