एका छतापुरतं

"ही काचेची लोकर, हे थर्माकोल, आणि हा फोम, वर चंदेरी कागद लावलेला." इन्सुलेशनवाल्याने तीन तुकडे नव्या घराच्या ओट्यावर मांडले. ओट्याला अजून नळसुद्धा बसला नव्हता.

घरातल्या बडबड्या लेकीने, टकळीने, आधी लोकर दाबली.

"हात नको लावू—" तो म्हणेपर्यंत ती मनगट खाजवायला लागली होती. खाजवता खाजवता तिने दुसऱ्या हाताने थर्माकोल उचललं आणि गालाला लावलं.

"अय्या, गरम लागतंय! हे तर गरम नाहीये, मग गरम कसं लागतं?"

"तुझीच ऊब तुला परत देतंय ते."

टकळी चक्क गप्प झाली. आईने घड्याळात पाहिलं, किती सेकंद टिकतंय ते बघायला.

"तिन्हींत फोम चांगला," इन्सुलेशनवाला बाबांना म्हणाला, "पण तुम्ही सांगितलेल्या पैशांत एकच छत होईल. हॉलचं करा, नाहीतर वरच्या खोलीचं."

"हॉलचंच. चार माणसं येणार-जाणार तिथे." बाबा खिडकीकडे वळले. त्यांची मोठी बहीण तिथे उभी राहून काचेवरचे रंगाचे ठिपके चाकूने खरवडत होती. "वरची खोली फारच तापली, तर पेट्या-ट्रंका टाकू तिच्यात. ताई काय, आत्ता झोपते तशी हॉलमध्ये झोपेल."

चाकू थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"वर काही एवढं तापत नाही," आत्या म्हणाली.

"तू कधी बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? वाटतं."

"वाटतं म्हणजे काय, आत्या!" टकळी उसळलीच. "मोजूया ना!" तिच्या दप्तरात शाळेच्या प्रयोगशाळेतले तीन थर्मामीटर होते. विज्ञानाच्या बाईंनी ते 'फुटला तर तुझ्या वडिलांना बोलावीन' या अटीवर दिले होते. दुपारचे तीन वाजले होते, ऊन ऐन भरात होतं, याहून चांगली वेळ कुठली? तिने तिथल्या तिथे प्रयोग ठरवून टाकला. एकेका खोलीत एक थर्मामीटर आणि एक माणूस. दारं-खिडक्या बंद. ज्याला सहन होणार नाही त्याने बाहेर यायचं.

"थर्मामीटर आहे तर माणूस कशाला?" आईने विचारलं.

"थर्मामीटर राहणारे का घरात?"

बाबा हॉलमध्ये गेले, आई मागच्या खोलीत. इन्सुलेशनवाला ओट्यावर बूड टेकून मजा बघत बसला. आत्या, "मी जाते वर," म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत जिना चढलीसुद्धा.

बाराव्या मिनिटाला बाबा शर्टाने वारा घेत बाहेर आले. "बघ! मी सांगत नव्हतो? हॉलच!" छत्तीस अंश, टकळीने वहीत लिहिलं. आई विसाव्या मिनिटालाही येईना, म्हणून टकळीने दार ढकललं, तर ती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर डोकं ठेवून झोपली होती. पस्तीस.

"कशाला उठवलंस मला?" आई म्हणाली.

वरून काहीच आवाज नव्हता.

पंचवीस मिनिटं झाली. तीस. टकळी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. मागून बाबा. दाराला आतून कडी होती.

"आत्या, संपला प्रयोग! ये बाहेर."

"कशाला? छान गार आहे इथे."

"थर्मामीटर बघायचाय मला."

"मी बघितला. तेहतीस आहे."

टकळीने वहीत तेहतीस लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून दाराकडे पाहिलं. दाराचा पत्रा तळव्याला चटका देत होता.

"आत्या, दार उघड."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आतून भट्टीसारखी झळ आली. आत्याचे केस कपाळाला चिकटले होते, ब्लाउज पाठीवर भिजून काळा दिसत होता. खोलीच्या मधोमध जमिनीवर तिने जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती, उशाला पर्स ठेवली होती, खिडकीच्या कट्ट्यावर कंगवा आणि तिची चष्म्याची डबी. खिळ्याला टांगलेल्या थर्मामीटरमधला पारा त्रेचाळीसवर होता.

"मला नाही होत त्रास," आत्या बाबांकडे न बघता भराभर म्हणाली. "खरंच सांगते, बाळ्या. लोकर नको, फोम नको, काही नको लावूस. हॉललाच लाव. मी ओला टॉवेल घेऊन झोपेन. फक्त पेट्या नको टाकूस इथे."

बाबांनी थर्मामीटर पाहिला. मग कट्ट्यावरचा कंगवा पाहिला.

टकळीने वहीतला तेहतीस खोडला.

"बघून झालं ना?" आत्याने पदराने मान पुसली. "आता जरा जा बघू दोघं. मला तोंड-बिंड पुसू दे." आणि तिने दार लावून घेतलं.

बाबा खाली गेले. खालून त्यांचं आणि इन्सुलेशनवाल्याचं काहीतरी हळू बोलणं ऐकू आलं. टकळीने जिन्यावरून वाकून पाहिलं, तर दोघं मोजायची टेप घेऊन वर येत होते.

इन्सुलेशनवाला पुढे झाला आणि त्याने दार ढकलायला हात लावला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. मग स्वतः दोन बोटांनी दारावर टकटक केलं आणि एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी, ताई," बाबा म्हणाले. "येऊ का?"