सासूबाईंचा खडा

शेवटचा सर्किट बोर्डही पास झाला, तेव्हा तिला ते खटकलं.

एरवी हिरवा दिवा लागला की तिला बरं वाटायचं. चाचणीच्या पेटीत बोर्ड बसवायचा, बटण दाबायचं. हिरवा लागला तर चांगला, लाल लागला तर बाद. पण काल-आज तपासलेले या खेपेचे बोर्ड झाडून सगळे हिरवे. सरांच्या प्रयोगशाळेत असं होत नसतं. दर खेपेत सर स्वतः बिघडवलेला एक बोर्ड गुपचूप मिसळून ठेवत. तपासणारा डोकं वापरतोय की नुसता हात चालवतोय, ते बघायला. सासूनं निवडलेल्या तांदळात मुद्दाम खडा टाकावा आणि सुनेला तो सापडतोय का ते बघत बसावं, त्यातला प्रकार. म्हणून पोरं सरांना मागून ‘सासूबाई’ म्हणत आणि त्या बोर्डाला ‘खडा’. तिनं आजवर एकही खडा सोडला नव्हता.

आज खडा नव्हता. निदान सापडला तरी नव्हता.

खालच्या हॉलमध्ये पोलादी टाकी झाकणाची वाट बघत होती. आकाशातून येणारे कण तिच्यातल्या पाण्यातून जाताना कणभर उजेड सांडणार आणि तो टिपल्यावर येणारा क्षीण संदेश हे बोर्ड मोठा करणार. आज बोर्ड आत बसले की झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद. नंतर एखादा मुका निघाला तर मुकाच राहणार. अहवालावर सही तिची आणि पीएचडीही याच टाकीवर.

“सर, या खेपेत एकही बाद नाही,” ती म्हणाली.

“छान. मग करून टाक सही.”

एवढंच. टोमणा नाही, ‘नीट बघितलंस का’ नाही. सासूबाई गोड बोलायला लागल्या की समजावं, काहीतरी शिजतंय. सकाळी त्यांनी तिच्याकडून या खोलीची किल्ली मागून घेतली होती. दुसरी करून घ्यायची आहे म्हणाले होते. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

“तुम्ही घातलाय ना एक यात?”

“घातला असला तर तुला सांगेन होय?” सर चष्मा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

दारात वेल्डर येऊन उभा राहिला. “ताई, बोर्ड देताय ना? का झाकणाला बिजागरी लावून देऊ? मनात येईल तेव्हा उघडून बघा.”

“जरा थांबा ना दादा.”

तिनं चार-सहा बोर्ड पुन्हा लावून पाहिले. हिरवा. हिरवा. एकदा वाटलं, कशाला नसती उठाठेव, सही करावी आणि मोकळं व्हावं. पण सर पेनकडे बघत होते. बोर्डांकडे नाही, दिव्याकडे नाही, तिच्या हातातल्या पेनकडे. तिनं पेन खाली ठेवलं.

खडा सापडत नसेल तर आपणच एक टाकून बघू, असं तिनं ठरवलं. ढिगातला वरचा बोर्ड घेतला, कटर उचललं आणि मधल्या चिपचे पाय एका दमात कापून टाकले.

“अगं ए! वेड लागलंय का तुला?” सर ताडकन उठले. “चांगला बोर्ड होता तो!”

तिनं पाय कापलेला बोर्ड पेटीत बसवला आणि बटण दाबलं.

हिरवा.

वेल्डरही आत येऊन पेटीकडे वाकून बघायला लागला. मागच्या खेपेनंतर कधीतरी पेटीच्या आत वायरला वायर चिकटली असणार. पेटीनं पाठवलेला विजेचा ठोका बोर्डात न शिरता थेट पेटीतच परत येत होता. आपणच दार वाजवायचं आणि आपणच आतून ओ द्यायची.

“तुमचा खडाही असाच पास झाला ना?” तिनं विचारलं.

सर पुन्हा खुर्चीत बसले. “सकाळी आलो तेव्हा पास झालेल्या ट्रेमध्ये दिसला मला तो.”

“सकाळी? आणि दिवसभर गप्प बसलात?”

“मला वाटलं, तू...”

“न तपासताच पास केले. असंच ना?”

सरांनी हळूच मान डोलावली.

“म्हणून किल्ली घेतलीत, तुमच्यामागे मी तो गुपचूप काढून टाकू नये म्हणून. आणि आता माझी सही झाली की खडा काढून सगळ्यांना दाखवणार होतात.” चार वर्षं ती या माणसाच्या हाताखाली राबत होती. “माझ्यावर शंका आली, ते ठीक. पेटीवर एकदाही नाही आली?”

“पेटी मी स्वतः बनवलीय,” सर म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तिनं कापलेला बोर्ड उपसून टेबलावर टाकला. रिकाम्या पेटीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

“बघा.”

सर पुढे झाले. तिचा हात बाजूला सारून त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. हिरवा.