पाचवा पर्याय

पेपर वाटून होतात न होतात तोच घंटी वाजली. "झाली गं पहिली घंटा, पेन उचला!" दोयुनची आई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. पण घंटी दाराची होती.

मिरानने दार उघडलं. समोर गावची मैत्रीण ओक्जू उभी होती. हातात खांद्याइतक्या उंचीचं, कागदात गुंडाळलेलं पुडकं.

"वाढदिवसाला असं तोंड करतात का गं? धर. तुझ्या आईने दिलंय. गेल्या वर्षी द्यायचं राहिलं म्हणाली. बाळंतिणीच्या सूपचं समुद्री शेवाळ मोडायचं नसतं, म्हणून वांदो बेटापासून बसमध्ये उभं धरून आणलंय. शेजारचा म्हातारा म्हणतो, पोरी, ह्याचंही तिकीट काढ."

"हळू बोल," मिरान म्हणाली.

आत बसलेल्या दोघी बाळंतपणानंतरच्या शुश्रूषा केंद्रात तिच्या शेजारच्या खोल्यांत होत्या. तिथे रोज कुणाची ना कुणाची आई डबा घेऊन यायची. मिरानची आली नाही. माझी आई टोरंटोला असते, भावाकडे, असं ती एकदा बोलून गेली. मग ते वाक्य सांभाळायला दुसरं लागलं. वडील शिक्षक होते. लहानपण सोलमध्ये गेलं, मापो भागात. खरं तर आईला तिनेच फोनवर सांगितलं होतं, की केंद्रात भेटायला कुणाला सोडत नाहीत. आई "बरं" म्हणाली होती. एवढंच.

"कोण आलंय, इआनची आई?" आतून सोल्हीच्या आईने विचारलं.

"आमच्या जुन्या शेजारी. मापोच्या. आता बेटावर राहायला गेल्यात."

पहिलीपासून जिला 'ए' म्हटलं, तिला मिरान आज पहिल्यांदा 'अहो' करत होती. ओक्जूने तिच्याकडे एकदा पाहिलं. वाकून बूट काढले, नीट जोडून ठेवले.

"हो," ती म्हणाली. "ह्यांच्या शेजारी."

"मग तर तुम्हीच पहिल्या येणार!" सोल्हीच्या आईने एक जादा पेपर तिच्यापुढे सरकवला. "बसा. शेजाऱ्यांपासून काय लपतंय?"

इआन झोपला की त्या वेळात मिरानने आपल्या वाढदिवसासाठी तो पेपर तयार केला होता. हुबेहूब कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसारखा, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. वर्षभर ती सगळ्यांची 'इआनची आई' होती. पेपरवर तिने स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापलं होतं. विषय: मिरान. पाचवा पर्याय निव्वळ हसण्यासाठी होता, आणि तो सुचायला तिला अजिबात वेळ लागला नव्हता.

माझं लहानपण कुठे गेलं? पाच : माणसांपेक्षा शेवाळ जास्त अशा बेटावर. माझी आई सध्या काय करते? पाच : किनाऱ्यावर उकिडवी बसून वाळत घातलेलं शेवाळ उलटते आणि समुद्रपक्ष्यांना शिव्या घालते. मला सगळ्यात जास्त कोण ओळखतं? पाच : शाळेत माझ्या वाटणीच्या छड्या खाणारी एक वेडी मुलगी.

"समुद्रपक्ष्यांना शिव्या!" दोयुनच्या आईला हसू आवरेना. "कुठून सुचतं गं तुला!"

ओक्जू हसली नाही. ती एकेक प्रश्न बोट ठेवून वाचत होती.

मिरान ओट्यापाशी गेली. वाढदिवसाचं शेवाळाचं सूप ढवळायची गरज नव्हती, तरी ढवळत राहिली. पाठीमागे पेन्सिलीचा आवाज येत होता. ओक्जू खोटं बोलायची नाही. तिला यायचंच नाही ते. आता पेपर अदलाबदल होणार, मोठ्याने तपासले जाणार, आणि ओक्जूच्या पेपरवर ओळीने पाच, पाच, पाच.

"द्या तुमचा, मी तपासते," दोयुनची आई म्हणाली. "लहानपण, मापो. बरोबर. वडील, शिक्षक. बरोबर. आई..."

मिरानच्या हातातला डाव थांबला.

"आई, टोरंटो. बरोबर."

मिरानने श्वास सोडला. जीव भांड्यात पडला. पण उत्तरं बरोबर येतच राहिली, आणि तिचे कान तापत गेले. पुढचं बरोबर. त्याच्या पुढचंही.

"आणि शेवटचा. हिला सगळ्यात जास्त कोण ओळखतं? दोन. म्हणजे मी! बरोबर! अहो, तुम्हाला पैकीच्या पैकी!"

दोघींनी टाळ्या वाजवल्या. "आपण मेलो बघ," सोल्हीची आई म्हणाली. "परीक्षेआधी निसरड्या शेवाळाचं सूप पाजलं हिने. घसरणार नाही तर काय होणार!"

"म्हणून तर ह्यांना पैकीच्या पैकी. ह्यांनी कुठे प्यायलंय अजून! पण सांगा ना, जमलं कसं?"

ओक्जू पेन्सिल बोटांत फिरवत होती. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आठवीपासून जरा वाकडंच राहिलं होतं.

"सोपा होता पेपर," ती म्हणाली. "ह्यांना कुठलं उत्तर आवडेल, तेवढं बघायचं."

मिरानने वाटीत सूप वाढलं आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. तिला वर बघवेना. टेबलाशी टेकवलेल्या पुडक्याचा कागद वरच्या टोकाला फाटला होता. आतलं शेवाळ लांबच्या लांब, कुठेही न मोडलेलं.

दोयुनच्या आईने घसा खाकरून अधिकाऱ्याचा आवाज काढला. "उत्तरांवर कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. नंतर निकाल पक्का!"

"माझी आहे," मिरान म्हणाली.

"तुझी? अगं, पेपर तूच काढलास ना!"

ओक्जूने मान हलवली. अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही एवढीच. नको.

"सगळ्यांना शून्य," मिरान म्हणाली. "ओक्जू, तुलासुद्धा. सगळ्या प्रश्नांचं उत्तर पाच होतं."