बत्तिसावी जोडणी

"एक तरी जागा सोडा हो," जोडणीबाई तिसऱ्यांदा म्हणाली. "बॉयलरचा नियंत्रक बत्तीसच जोडण्या घेतो. तेहतिसावी आली की कुणाचा तरी पडदा काळा पडतो."

कोणतं यंत्र, कोणता पडदा नियंत्रकाला जोडायचा हे ती ठरवायची, म्हणून कारखान्यात तिचं हे नाव पडलं होतं. आता गॅसगळतीचा नवा भोंगा जोडायचा होता. चारपर्यंत जमलं नाही तर सुरक्षा अधिकारी बॉयलरला टाळं ठोकणार होते.

"आमची मागेच एक काढलीत," दुरुस्तीवाले म्हणाले. पंपवाल्याने कानावर हात ठेवले. मॅनेजर तर केबिनमधला पडदा सोडायचं नावच काढेना. "माझ्यावर कशाला घसरता? यादी बघा नीट."

जेवणाच्या सुट्टीत तिने रोजच्यासारखा घरी फोन केला. निवृत्तीच्याच वर्षी पक्षाघात झाला आणि बाबा खुर्चीला खिळले. डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताने दिवसभर संगणकावर पत्ते खेळतो, असं म्हणायचे.

"जेवलात?"

"हो. तुझा आवाज का उतरलाय?"

"कुणी जागा सोडत नाही, बाबा."

"कोण सोडतंय? जो भांडायला येत नाही, त्याची काढतात, बाळ."

तिने यादी पुन्हा चाळली. एकतीस जोडण्यांना धनी होता. बत्तिसावीपुढे नुसतं 'जुनी बाहेरची तार' एवढंच लिहिलेलं. ही जोडणी रोज सकाळी आठला उघडायची, चारला मिटायची. आत काही बदलायची नाही. फक्त बघत राहायची.

"हेरगिरी!" मॅनेजर उसळला. "चोरसुद्धा शिफ्ट पाळतो, आणि आपली माणसं बघा! तोडा."

"कुणाची आहे ते कळल्याशिवाय?"

"दोन वाजलेत. धनी शोधत बसणार?"

तिने टेलिफोन खोलीत विचारलं. तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मग मन घट्ट करून तिने ती जोडणी तोडली आणि तिच्या जागी भोंगा जोडला. चाचणीला तो असा कडाडला की मॅनेजरच्या हातातला चहा हिंदकळला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सही केली. "आता ही जागा कुणालाही द्यायची नाही," ते म्हणाले. "माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत कलंडून बसले होते. उशी खाली पडली होती. डावा हात संगणकाची एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होता.

"काय झालं, बाबा?"

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"कारखान्यात काही झालं का गं? एकतीस वर्षं सांभाळलेला बॉयलर आहे माझा. इथे बसून रोज नुसता बघतो, हात लावत नाही. आज दोन वाजल्यापासून दिसतच नाहीये."